बाळाचार्यांचं शाकाहारी कपाट

१९९१ च्या जूनमध्ये मी धारवाडच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायला रुजू झाले. पहिल्याच दिवशी सकाळी आठ वाजता प्रयोगशाळेचं दार ढकललं, तर आत एक गृहस्थ ओल्या पंच्यात उघडेबंब उभे होते आणि बेसिनमध्ये पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्राण्याला आंघोळ घालत होते.

"पायातलं बाहेर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आणि दहा मिनिटं आत येऊ नका. अभिषेक चाललाय."

"मी इथली नवी लेक्चरर आहे."

"असाल की. दहा मिनिटांनीपण असालच."

मी मुळात चिडकी. आमच्या घरात माझ्या नाकावरच्या रागाची ख्याती आहे. पण पहिल्या दिवशी भांडण नको म्हणून बाहेर आले. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तिथं एक भलामोठा सपाट दगड टेकवून ठेवला होता आणि त्यावर एक बाई मांडीवर तुळस-फुलांची पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सरकून मला अर्धा दगड दिला.

"बसा की बाईसाब. रोजचंच हाय हे. मी मंडळी त्यांची. शेवंता."

अशी माझी आणि कट्टी दांपत्याची ओळख झाली. बाळाचार्य कट्टी आमच्या विभागाचे अटेंडर. विभागात माणसं तीन: विभागप्रमुख, मी आणि आचार्य. विभागप्रमुख लवकरच निवृत्त झाले आणि त्यांची जागा कुणी भरलीच नाही, त्यामुळे पुढची बारा वर्षं मी आणि आचार्य एवढेच उरलो. त्यात हुकूम कुणाचा चालायचा हे सांगायला नकोच.

आता त्या आंघोळीबद्दल. आचार्य माध्व ब्राह्मण, आणि माध्व घरांत शाळिग्रामाची पूजा असते. गंडकी नदीतला काळा गोल दगड, आत चक्र उमटलेलं. त्याला रोज स्नान, तुळस, नैवेद्य लागतो, एक दिवसही खाडा चालत नाही आणि बायकांनी त्याला हात लावायचा नाही. आमच्या शास्त्राच्या हिशेबानं ते चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा. कुणा जुन्या प्राध्यापकांनी आमच्या कपाटासाठी असा एक अमोनाइट मागवला होता, नमुना क्रमांक एकतीस. १९८३ साली आचार्यांनी धूळ झटकायला कपाट उघडलं आणि एकतीस नंबरला पाहून ते मटकन खाली बसले. देव कित्येक वर्षं डांबराच्या गोळ्यांबरोबर उपाशी कोंडलेले होते.

त्यांना तो देव एवढा का लागला याला कारण होतं. तरुणपणी आचार्य अळणावरच्या एका लाकडाच्या डेपोत कारकून होते. तिथं ओंडके मोजणाऱ्या एका मराठा मजुराची मुलगी शेवंता. आचार्यांनी सत्त्याहत्तर साली तिच्याशी लग्न केलं. त्यांचे थोरले भाऊ वादिराज हुबळीला वकील, कोप्पीकर रोडवर ऑफिस. त्यांनी भावाला घर दिलं नाही, भांडी दिली नाहीत, त्याचं आचार्यांना काही नव्हतं. पण घरात पाच शाळिग्राम होते आणि वादिराजांनी एकही दिला नाही. म्हणाले, "जिथं सोवळं नाही तिथं देव राहत नाहीत." त्या दिवसापासून बाळाचार्य बिनदेवाचे झाले. एकतीस नंबर सापडेपर्यंत सहा वर्षं त्यांनी तीर्थ घेतलं नव्हतं.

हे सगळं मला शेवंताबाईंनी दगडावर बसून सांगितलं. आचार्य तेव्हा आत घंटा वाजवत होते. ज्या बायकोपायी माणसाला देवघरातून बाहेर काढलं, त्याच बायकोला तो सोवळ्यासाठी दाराबाहेर बसवत होता. तिनं आणलेली तुळस तो लांबूनच हात करून घ्यायचा आणि तीर्थ वरून तिच्या हातावर सोडायचा. मला ते बघवत नसे. मी बोलले की आचार्य म्हणत, "बाई, नियम मी केला नाही." आणि शेवंताबाई म्हणत, "असू द्या. बसायला दगड हाय की."

तो दगडही साधा नव्हता. बागलकोटच्या पुढच्या चुनखडकातला स्ट्रोमॅटोलाइट होता तो, शंभर कोटी वर्षांहून जुना. पृथ्वीवर सुरुवातीचे जीव कसे होते ते त्यावरून कळतं. आत आणायला चार माणसं लागली असती आणि प्रिन्सिपॉलसाहेब दोनच द्यायला तयार होते. म्हणून दर वर्षी पहिला तास मी दारातच घ्यायची. शेवंताबाईंना उठवायचं, मुलांना दगडावरची वर्तुळं दाखवायची, शेवंताबाईंना पुन्हा बसवायचं. आचार्य त्या तासाला कधी आले नाहीत. ज्या दगडावर चक्र नाही त्याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

रोजच्या आंघोळीनं एकतीस नंबरचं लेबल तिसऱ्या आठवड्यातच वाहून गेलं होतं. पुढं आचार्यांच्या मनात आलं, की एकाला आंघोळ घालायची आणि शेजारच्यांना कोरडं ठेवायचं हे बरं दिसत नाही. मग सगळं कपाट आंघोळीला निघालं. महिन्याभरात चारशे नमुन्यांची लेबलं गेली. मी आरडाओरडा केला. आचार्य शांतपणे म्हणाले, "तुम्ही ओळखता ना त्यांना? मग नावं कशाला चिकटवायची? आपल्या घरच्यांच्या कपाळावर आपण नाव लिहितो काय?"

मी हात टेकले. नमुने एकेक ओळखून देत बसले, आणि तिथंच चूक झाली. शार्कचा दात हातात आला तसा मी म्हटलं, हा शार्कचा दात.

आचार्यांनी हात मागं घेतला. "हे काय खात होतं?"

"मासे."

"आणि हे देवाच्या शेजारी ठेवलंय तुम्ही?"

त्या दिवसापासून आमच्या कपाटाची फेरमांडणी सुरू झाली. आचार्य रोज एक नमुना घेऊन माझ्या टेबलापाशी यायचे. "हा काय खायचा?" मी सांगायची. मांस खाणारे खालच्या खणात गेले. ट्रायलोबाइट हा समुद्रातला किड्यासारखा प्राणी चिखल गाळून खायचा म्हटल्यावर ते दोन दिवस विचारात पडले, कारण चिखलात काय काय असतं ते सांगता येत नाही. शेवटी त्याला मधल्या खणात, खिडकीपाशी ठेवलं. नेच्याच्या पानाचा ठसा वर जाईल असं मला वाटलं होतं, पण आचार्य म्हणाले, "हा शाकाहारी नव्हे, ही भाजी." त्याला वेगळा डबा मिळाला. एकदा एक काळपट गोळा घेऊन आले. मी म्हटलं, आचार्य, हात धुवा, ती डायनोसोरची विष्ठा आहे, दगड झालेली.

"गवत खाणारा का?"

"झाडपाला खायचा."

"मग शेण म्हणा की!" आचार्यांचा चेहरा उजळला. तो गोळा वरच्या खणात, एकतीस नंबरच्या उजव्या हाताला, शुद्धीसाठी बसला.

अठ्ठ्याण्णव साली तपासणी समिती आली. तीन मोठे प्राध्यापक, सफारी सूट. मी कपाट उघडलं आणि डोळे मिटून घेतले. खणांवर आचार्यांनी सुवाच्य अक्षरात, कानडीत आणि मराठीत, पाट्या लावल्या होत्या: शाकाहारी. संशयित. मांसाहारी. समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. जगात सगळीकडे जीवाश्म काळानुसार किंवा कुळानुसार लावतात. अहवाल आला तेव्हा त्यात लिहिलं होतं, की पुराजीवांची आहारानुसार मांडणी हा या विभागाचा अभिनव उपक्रम असून इतरांनी त्याचं अनुकरण करावं. आचार्यांनी त्या परिच्छेदाची झेरॉक्स काढून कपाटाच्या आत चिकटवली. ते लेबल मात्र कधी भिजलं नाही.

एवढ्या वर्षांत आचार्यांनी एकच प्रश्न मला विचारला नव्हता. एकतीस नंबर काय खायचा? त्यांना विचारावंसं वाटलं नाही आणि मी सांगितलं नाही. राग आला तरी मी तेवढी जीभ चावत होते.

मे २००३ मध्ये आचार्य निवृत्त होणार होते. आदल्या ऑक्टोबरपासून त्यांनी प्रिन्सिपॉलसाहेबांना अर्ज सुरू केले: मला फंड मिळेल तेव्हा मिळो, निरोपसमारंभ नको, शाल नको, एकतीस नंबर द्या. प्रिन्सिपॉल सुधींद्रसाहेब सरळ माणूस, पण नियमाला पक्के. म्हणाले, "कॉलेजची वस्तू आहे, देता येत नाही." आचार्य माझ्याकडे आले. "बाई, तुम्ही एक शब्द टाका. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पुन्हा बिनदेवाचा होऊ काय?" मी शब्द टाकणार होते. खरंच टाकणार होते.

पण डिसेंबरातल्या त्या सकाळी मी आले, तर शेवंताबाई दगडावर शालीत कुडकुडत बसलेल्या. हात लावून बघितला, अंग तापलेलं. आत घंटा चाललेली.

"आचार्य, त्यांना ताप आहे. आत येऊ द्या."

"एवढा अभिषेक होऊ दे, बाई. सोवळं आहे."

माझं डोकं फिरलं. "कसलं सोवळं? तुमचा देव मांस खायचा!"

पळी हवेत थांबली. "काय म्हणालात?"

"मासे, कोळंबी, सापडेल ते जिवंत. कारवारच्या मासळीबाजारात माकूळ विकतात ना, त्याचा चुलतभाऊ तो. खालच्या खणात जायला हवा होता पहिल्या दिवसापासून!"

आचार्यांनी पळी खाली ठेवली. एकतीस नंबरला दोन्ही हातांनी उचललं. मग हळूच म्हणाले, "एकोणीस वर्षं मी ह्याला दूध-साखर घातली. आवडलं नसेल काय त्याला?"

 त्यांनी दगड पुसला, खालच्या खणात शार्कच्या दाताशेजारी ठेवला, वाकून नमस्कार केला आणि दार लावलं. मग शेवंताबाईंना धरून घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून आचार्य बाकीच्यांसारखे दहाला यायला लागले, शर्ट-पँटमध्ये. मी जे बोलले ते खरं होतं आणि तरी मला स्वतःची लाज वाटली. माणसाला एकच देव होता आणि मी तो रागाच्या भरात काढून घेतला. मी पुस्तकं उपसली. काही अमोनाइट अगदी बारीक तरंगते जीव खात असावेत असं कुठंतरी सापडलं. धावत जाऊन सांगितलं.

"बारीक म्हणजे जिवंतच ना, बाई?"

"हो."

"मग राहू दे."

आठवड्यानं शेवंताबाई, ताप उतरलेला, माझ्याकडे आल्या. "बाईसाब, धनी जेवत न्हाईत. भिंतीकडं बघत बसत्यात. तुमी त्यास्नी दुसरा देव द्या."

"मी कुठून देऊ?"

"आता बया! कपाट भरलंय की तुमचं."

मग आम्ही ते केलं. आजही सांगताना मला संकोच वाटतो, पण विद्यापीठाची पदवी घेतलेल्या मी एक अख्खी दुपार देवपदासाठी जीवाश्मांच्या मुलाखती घेतल्या. मी नमुना काढायची, आचार्य खुर्चीत बसून ऐकायचे. प्रवाळ? डंख मारतो, नको. शिंपला? पाणी गाळून खायचा. पाण्यात काय असायचं? नको. शेण? "पवित्र आहे खरं, देव नव्हे." चारशे नमुने संपले. आचार्य उठले, दारापर्यंत गेले आणि वळले.

"बाई, कुणालाच न खाणारं असं कोणी झालंच नाही काय?"

बारा वर्षं मी शिकवत होते. एवढा नेमका प्रश्न मला एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता.

"झालं की," मी म्हटलं. "सगळ्यांत आधीचे तेच. डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे जीव. उथळ पाण्यात पातळ साय धरायचे. वर गाळ बसला की त्यावर नवी साय. ऊन, पाणी आणि हवा, यापलीकडं काही घेतलं नाही. आपण श्वास घेतो ती हवा पहिल्यांदा त्यांच्या जातभाईंनी सोडली. त्या थरांचा दगड झाला. कोट्यवधी वर्षं या जमिनीवर खाणारं तोंडच नव्हतं, आचार्य."

आचार्य कपाटाकडं वळले. "कुठल्या खणात आहे?"

"खणात नाही. शेवंताबाई त्यावर बसल्यात."

शेवंताबाई दचकून उठल्या. आचार्य दारात गुडघ्यावर बसले आणि दगडावरच्या वर्तुळांवरून बोट फिरवायला लागले. बायकोकडं वर बघून म्हणाले, "वीस वर्षं बसलीस यावर?"

"तुमीच बसवलंत की. आता मी बसू कुठं?"

 दगड कॉलेजचा होता आणि चार माणसांचा होता, त्यामुळं घरी नेण्याचा प्रश्नच नव्हता. पण जानेवारीत आमची सहल त्याच खडकांकडं जाते. मी आचार्यांना म्हटलं, तिथं शेताच्या बांधावर असे दगड पडलेत, हवा तो निवडा. आणि स्वयंपाकाला शेवंताबाईंना घेऊ.

चौदा मुलं, टेम्पो, तांदळाचं पोतं आणि एक पाण्याचा कॅन घेऊन आम्ही लोकापूरच्या पुढं एका कोरड्या ओढ्यात उतरलो. आचार्य पंचा नेसून आले होते. ओढ्याचा सगळा तळ वर्तुळांनी भरलेला, कापलेल्या कोबीच्या गड्ड्यांसारख्या थरांनी. आचार्यांनी चपला काढल्या, एक पाऊल टाकलं, खाली बघितलं आणि तो पाय उचलून एका पायावर उभे राहिले.

"बाई, हे सगळं तेच?"

"पलीकडच्या टेकडीपर्यंत."

"मग पाय कुठं ठेवू?"

पाव तास तिढा सुटेना. मुलं हसून लोळत होती. शेवटी पोरांनी वाटेत तांदळाचं रिकामं केलेलं पोतं आणि आपले टॉवेल अंथरले आणि त्यावरून आचार्य बांधापर्यंत गेले. शेतमालक बैल सोडून गंमत बघायला आला. मी एक दगड न्यायची परवानगी मागितली, तर तो हात जोडून म्हणाला, "ओय्रि, यल्ला ओय्रि!" म्हणजे न्या, सगळेच न्या. नांगराचे फाळ मोडून तो वैतागला होता. ट्रॅक्टर देतो म्हणाला.

आचार्य शेकडो दगड बघत फिरले. शेवटी नारळाएवढा एक उचलून छातीशी धरला. पाच शाळिग्राम वादिराजांकडं राहिले होते, आणि इथं टेकडीभर देव बिनमालकाचा पडला होता. आचार्य रडत होते. मुलं हसायची थांबली.

आता पहिलं स्नान. सोवळ्यात स्वतः भरलेलं पाणी हवं. ओढा कोरडा, विहीर तीन किलोमीटरवर. पाणी एवढंच, शेवंताबाईंनी सकाळी गावच्या टाकीवर भरलेल्या कॅनमधलं.

आचार्य माझ्याकडं वळले. "ह्याच्याबद्दल शास्त्रात काही सांगितलंय काय? कुणी हात लावायचा, कुणी नाही?"

"नाही, आचार्य. याच्या काळात बाई नव्हती, पुरुषही नव्हता. सांगणारं कोणीच नव्हतं."

 आचार्यांनी दगड खाली एका टॉवेलावर ठेवला आणि चार पावलं मागं सरले.

"शेवंता, तू घाल पाणी."

शेवंताबाई चुलीपाशी कांदा चिरत होत्या. "मी? हात कांद्याचं हायत."

"असू देत."

त्यांनी पदराला हात पुसले, कॅनमधून तांब्या भरला आणि दगडावर ओतला. दगड ओला होताच सगळे थर गर्द होऊन वर आले. शेवंताबाई त्याच्याकडं बघत राहिल्या, मग नवऱ्याकडं.

"झालं? एवढंच असतं व्हय हे?"

आचार्य पुढं झाले, वाकले आणि उजव्या तळहाताची वाटी करून तिच्यासमोर धरली.

शेवंताबाईंनी मला विचारलं, "काय मागत्यात?"

"तीर्थ," मी म्हटलं. 

"अगं बाई, आधी सांगायचं न्हाई काय!" त्यांनी तांब्या पुन्हा काठोकाठ भरला, दगडावरून धार सोडली आणि आचार्यांच्या हातात धरली. एका पळीचं काम, पण त्या ओततच राहिल्या. "घ्या. सकाळपासनं उन्हात हाईसा. पोटभर घ्या."

आचार्य खाली वाकून तांब्याभर तीर्थ प्याले.